अप्पांची स्लिप

प्रचाराला फिरणाऱ्या विकासने मतदानाच्या आदल्या दिवशी दोन स्लिपा हातात ठेवल्या, तेव्हा वरची माझी असेल असं वाटलं. ती अप्पांची, माझ्या वडिलांची होती. यादीत त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर होतं, आणि नोव्हेंबरात ते गेले तरी तिथून हललं नव्हतं.

अप्पा गेले, असं मी म्हटलं. विकासला ते सांगायची गरज नव्हती. शेवटच्या आठवड्यात तीन हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा त्यानेच हितेंद्रभाऊंना फोन केला होता. तासाभरात ऑक्सिजनचा बेड मिळाला. अप्पा त्यावर चार दिवस जगले. हितेंद्रभाऊ घोडपदेवातले जुने पुढारी. यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून त्यांची बायको दीपिका उभी होती.

“राहू दे तुमच्याकडे, ताई,” विकास म्हणाला. “उद्या शाळेबाहेर आमचं टेबल आहे. जाता जाता अप्पांची तिथे द्या. पुढचं आम्ही बघतो.”

बेडचा विषय त्याने काढला नाही. कधीच काढला नव्हता.

अप्पा प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचे. प्रचाराची माणसं चाळीत शिरली की जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, आपल्या गल्लीत कचऱ्याची गाडी किती वाजता येते? घरात आल्यावर मत कुणाला द्यायचं ते सांगायचे नाहीत. कोणी काय उत्तर दिलं तेवढं सांगायचे. महापालिकेची ही निवडणूक नऊ वर्षांनी आली होती. अप्पा तिची वाट पाहत होते.

मी वाचून ठरवायचं म्हटलं. नऊ उमेदवार, नऊ शपथपत्रं. सहा जणींच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’. पत्रकांवर नवऱ्यांचे फोटो मोठे. नऊ बायकांपैकी एकीचाही आवाज मी ऐकला नव्हता.

दीपिकाताई रविवारी चाळीत आल्या होत्या, हात जोडून, नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागे. अप्पांचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी तोंड उघडलं. उत्तर ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

“निवडून आलो की गाडी दारात उभी करतो, ताई,” हितेंद्रभाऊ म्हणाले.

शेजारच्या कौसल्याकाकी दारातून मालवणीत म्हणाल्या, “उभो कोण रवलो हा रे, तू का तुझी बायल?”

सगळे हसले. दीपिकाताईही खाली बघून हसल्या आणि घोळका वरच्या मजल्यावर गेला. उत्तर राहिलं ते राहिलंच.

सकाळी शाळेत गेले. टेबलावर विकासने हात पुढे केला. येताना देते, म्हणाले. अप्पांची स्लिप मुठीत घामेजली होती.

आत अधिकाऱ्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. बाकावरच्या पक्षांच्या माणसांनी आपापल्या यादीत खूण केली. त्यांत विकासचाही एक होता.

“याच्या वरचं नाव माझ्या वडिलांचं आहे,” मी म्हणाले. “ते वारले. त्या नावावर कुणी आलं तर ते वडील नसतील.”

नाव काढायला फॉर्म भरावा लागतो, इथे होत नाही, असं अधिकारी म्हणाला. काढू नका, लक्षात ठेवा, असं मी सांगितलं. त्याने पेन्सिलने अप्पांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलं. बाकावरच्यांनीही लिहिलं. विकासच्या माणसानेही. दोन महिने लोकांनी हा शब्द माझ्यासमोर वापरला नव्हता. तो मीच मागून घेतला.

पुठ्ठ्याच्या आडोशाला नऊ नावं होती, आणि खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’. आठ जणींबद्दल मला कागदापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. नववीबद्दल दोन गोष्टी ठाऊक होत्या. तिच्या माणसांना माझ्या वडिलांचं मत वडिलांशिवाय हवं होतं. आणि तिच्या माणसांमुळे माझे वडील चार दिवस नीट श्वास घेत होते. मला शेवटच्या बटणापर्यंत जायचं होतं. बोट तिथवर गेलं, थांबलं आणि वर आलं. मी दीपिकाताईंसमोरचं बटण दाबलं.

बाहेर विकास उभाच होता. आतली गोष्ट त्याच्यापर्यंत आली होती. त्याने आता हात पुढे केला नाही.

“बेड मागायला आलात तेव्हा आम्ही विचारलं होतं का, मत कुणाला म्हणून?”

आवाज चढलेला नव्हता. तुम्हालाच दिलं, असं म्हणता आलं असतं. त्याने मान हलवली असती आणि विश्वास ठेवला नसता. पुढे अप्पांची रूम माझ्या नावावर करायला याच्याच ओळखी लागणार होत्या. मी घराकडे वळले.

चाळीपाशी आले. अप्पांची स्लिप अजून मुठीतच होती. दारांबाहेरच्या कचऱ्याच्या बादल्या रिकाम्या होऊन उलट्या पडल्या होत्या. गाडी रोजच्यासारखी पावणेआठला येऊन गेली होती.