घासलेलं भांडं

माझ्या शेजारच्या खाटेवर एक टेलरकाका होते. जन्मभर त्यांनी लोकांची मापं घेतली. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून लोक त्यांचं माप घेत होते. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सगळं सिस्टर मोजून लिही. मूत्रपिंडं नीट चालतात की नाही, ते त्यावरून कळतं म्हणे.

काकूंना मात्र घाण खपत नसे. काकांनी लघवीचं भांडं खाली ठेवायचा अवकाश, की त्या पदर खोचून मोरीकडे निघत. भांडं असं घासून आणत, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

सिस्टर येई, रिकामं भांडं बघे आणि तोंड वाकडं करून जाई. शेवटी म्हणाली, "काका, सकाळपासून थेंब नाही. डॉक्टर म्हणतात, नळी घालावी लागेल."

"अहो, झाली की!" काका कळवळले. "चांगली झाली!"

"नळीचं नाव काढलं की सगळ्यांनाच झालेली असते."

तरी तिनं पायावर अंगठा दाबून पाहिला, सूज नव्हती. ओटीपोट चाचपलं, मऊ होतं. मग तिनं भांडं उचलून नाकाशी नेलं.

"साबण?"

"मीच घासलं," काकू ऐटीत म्हणाल्या. "तुमच्या माणसांना जमतं का असं?"

"अहो काकू, मला मोजायचं असतं ते! पुढची दिसली नाही, तर नळी घालणार. मग बोलायचं नाही."

दुपारी मेहुणे भेटायला आले, तर काका भरलेलं भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलेले.

"ठेवा ना ते खाली," काकू दात आवळून म्हणाल्या. "दादा काय म्हणेल?"

"म्हणू दे. नळी तुझ्या दादाला घालणार नाहीत."

"ताई पहिल्यापासून टापटिपीची," दादांनी कौतुक केलं.

"माहीत आहे. नवीन लग्न झालेलं, गिऱ्हाइकाच्या कापडावर मी खडूनं खुणा केल्या होत्या. हिनं डाग समजून धुतल्या."

सिस्टर आली. भांडं उजेडात धरून म्हणाली, "भरपूर आहे. रंगही चांगला. नळी नको." तिनं आकडा लिहिला. काकांनी डोळे मिटले.

"मला आधी सांगायचं नाही का?" काकू फणकारल्या.

"त्या खडूपासून सांगतोय," काका म्हणाले, "आधी विचार, मग धू."

पण काकू तोवर भांडं घेऊन मोरीशी पोचल्या होत्या.