सपाट चमचा

चिमीनं केलेल्या कुठल्याही कामावरून मागाहून ताईचा एक हात फिरायचाच. चिमीनं घासलेली भांडी ताई पुन्हा विसळायची. चिमीनं वाळत घातलेले कपडे काढून, झटकून, पुन्हा वाळत घालायची. ह्यात राग नव्हता, सवय होती, आणि ती फार जुनी होती. लहानपणी आई बाहेर जाताना थोरलीला सांगून जायची, "हिच्यावर लक्ष ठेव गं, ही आपली वेंधळी." पुढे आई गेली. ताईचा संसार झाला, नवरा गेला, मुलं दूरदेशी नोकरीला लागली. चिमीनं लग्न केलंच नाही. दोघी बहिणी म्हातारपणी पुन्हा एका छपराखाली आल्या, आणि लक्ष ठेवणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

चिमीनं वेंधळेपणा कधी केलाच नव्हता असंही नाही. शाळकरी वयात एकदा चुलीवर दूध ठेवून ती कोपऱ्यावर मांजराची पिल्लं बघायला गेली होती. ते दूध उतू गेलं त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली, पण ताईच्या तोंडी ते काल उतू गेलेलं असायचं.

वय झालं म्हणून शिवणाच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा चिमी म्हणाली, "ताई, मागच्या खोलीत मी कोंबडीची पिल्लं पाळणार आहे."

"पाळ की. उस्तवार करायला मी आहेच."

"तू काही करायचं नाहीस. हातसुद्धा लावायचा नाही. हे माझं."

"नाही लावत, बाई! मला काय हौस आलीय?"

भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पिल्लं आली. मागची ती अडगळीची खोली चिमीनं पांढरी स्वच्छ करून ठेवली होती. खाली सुताराकडचा भुसा, भोवती पुठ्ठ्याचं गोल कुंपण, वर उबेसाठी बल्ब. पहिल्या दिवसापासून चिमीला पिल्लांची भाषा कळायला लागली. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढली की थंडी वाजतेय. कुंपणाला जाऊन चिकटली की उकडतंय. सगळीकडे विखुरली, दाणे टिपायला लागली की खुशाल आहेत. एखाद्याच्या शेपटीखाली विष्ठा वाळून बसली तर चिमी त्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं हळूहळू सोडवायची, आणि तोंडानं सारखं चालू, "झालं गं राणी, झालं, एवढं काय रडायचं." ताई दारात उभी राहून बघायची. नावं ठेवण्यासारखं काही सापडत नव्हतं, त्यामुळे तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पिल्लांना पंखांची पिसं फुटायला लागली आणि एक दिवस काही पिल्लं अंग फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली. भुशावर लालसर डाग दिसले. चिमीनं लगेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. खाली बसल्या, एक पिल्लू हातात घेतलं, डोळे पाहिले, पोट चाचपलं, मग पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा मुठीत दाबून पाहिला.

"रक्ती हगवण आहे. हा भुसा ओला झालाय ना, ह्यात ते जंतू वाढतात. सगळा काढा, कोरडा घाला. आणि ही पावडर. ह्या कॅनभर पाण्यात एक चमचा, सपाट. रोज सकाळी ताजं. हगवण थांबली तरी मी सांगेपर्यंत चालू ठेवायचं. पण जास्त नको हं. जास्त झालं तर औषधच बाधतं."

हे दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी भुसा आणायला सुताराकडे गेली होती. ताई सहज म्हणून मागच्या खोलीत डोकावली. कॅन भरलेला होता, पाणी नितळ होतं. पावडरच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं. चमचा जागच्या जागी, कोरडा ठणठणीत. ताईनं कपाळावर हात मारला. विसरली! जित्याची खोड. तिनं डबा उघडला आणि एक चमचा घातला. सपाट कसला, चांगला शिगोशीग. पिल्लं आजारी आहेत, जरा अंगी तरी लागेल.

चिमी परत आल्यावर ताई काहीच बोलली नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं, "हात लावायचा नाही" ची आठवण निघाली असती. त्यापेक्षा गुपचूप निस्तरलेलं बरं. मग रोजच असं होऊ लागलं. चमचा रोज कोरडा, पाणी रोज नितळ. औषध पाण्यात विरघळलं की रंग राहत नाही, आणि चिमी चमचा वापरल्यावर धुऊन, पुसून, जागेवर ठेवते, हे ताईच्या ध्यानातच आलं नाही. चिमीनं एखादी गोष्ट पुसून जागेवर ठेवली, असं तिच्या डोक्यात यायला वावच नव्हता.

हगवण थांबली. पिल्लं पुन्हा धावायला लागली. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "चिमीताई, डॉक्टरच झालात की!" चिमी लाजली. ताई मनातल्या मनात हसली. तुला काय माहीत, म्हणाली, कोणाच्या हाताचा गुण आहे तो.

त्यानंतर काही दिवसांनी चिमीनं तिला हाक मारली. "ताई, ये गं इकडे. ही बघ कशी आढ्याकडे बघतेय."

एक पिल्लू घोट्यांवर बसलं होतं आणि त्याची मान पाठीकडे वळून चोच थेट छताकडे लागली होती. "पाऊस येतो का बघत असेल," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. दुपारपर्यंत तशी आणखी पिल्लं झाली. काही तोल जाऊन मागे कोलमडत होती. मग कोणी हसलं नाही.

शेजारणीनं अंगणाच्या कुंपणावरून, उघड्या खिडकीतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिच्या अंगणात भरपूर कोंबड्या होत्या. "अहो, ही मानमोडी! मान मोडते आणि घरच्या घर साफ होतं. माझ्या माहेरी एक पीस उरलं नव्हतं. आजच्या आज खड्डा करून पुरा सगळी, नाहीतर माझ्याही जातील."

"सगळी?" चिमी म्हणाली.

"मग काय निवडून पुरणार?"

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा चिमी एक पिल्लू ओंजळीत धरून बसली होती, त्याची मान बोटानं सरळ धरत होती, आणि बोट काढलं की मान पुन्हा मागे जात होती. दोन पिल्लं तोवर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी कान लावून ऐकलं. घरघर नव्हती. हिरवट हगवण नव्हती.

"मानमोडीची सगळी लक्षणं नाहीत," त्या म्हणाल्या. "औषध जास्त झालं तरी असंच होतं. ते औषध जंतूंना एक जीवनसत्त्व मिळू देत नाही. म्हणून ते मरतात. पण प्रमाण वाढलं तर पिल्लांनाही मिळेनासं होतं, आणि मान अशी मागे जाते. किती घालत होतात?"

"एक चमचा," चिमी म्हणाली. "सपाट. सुरीच्या पाठीनं वरचं काढून."

"नक्की?"

"नक्की." चिमी इतक्या ठामपणे बोललेली ताईनं आयुष्यात ऐकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पावडरचा डबा उचलून पाहिला. "मग अवघड आहे. औषध बरोबर असेल तर मला मानमोडीच धरून चालावं लागेल. शेजारी एवढ्या कोंबड्या आहेत. सगळी पुरावी लागतील. पुन्हा एकदा आठवून बघा."

चिमीनं ओंजळीतल्या पिल्लाकडे पाहिलं. मग ताईकडे. ताई दाराला टेकून उभी होती. आत्ता बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण शेजारीण बाहेर कुंपणाशी कान टवकारून उभी, डॉक्टरीणबाई समोर. ह्या वयात सगळ्यांदेखत चोरी कबूल करायची?

"ताई," चिमीच म्हणाली, आणि तिचा आवाज लहान झाला, "मी दोनदा घालत असेन का गं? घातलेलं विसरून?"

ताई म्हणाली, "असशील. तुझा काय नेम."

बोलून झाल्यावर तिनं स्वतःच ते ऐकलं. पिल्लं वाचावीत म्हणून बोलले, अशी तिनं मनाची समजूत घातली. ती मिनिटभरही टिकली नाही.

"मग तेच असणार," डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. औषधाचं पाणी ओतून टाकलं, साधं पाणी ठेवलं, आणि जीवनसत्त्वाचे थेंब एकेकाच्या चोचीत सोडायला दाखवले. चोच बाजूनं उघडायची, थेंब जिभेवर टाकायचा, ठसका लागू द्यायचा नाही. चिमीनं थेंबांची बाटली ताईपुढे धरली. "तू कर ताई," ती म्हणाली, "माझ्या हातून नको."

ताईनं केलं. संध्याकाळपर्यंत काही माना सरळ झाल्या, दुसऱ्या दिवशी आणखी काही. आणखी दोन-चार दगावली, बाकीची दाण्यावर आली. शेजारीण म्हणाली, "ताई होत्या म्हणून वाचली हो! चिमीताईंच्या भरवशावर असती तर..." चिमीनं मान हलवली. खरं आहे, म्हणाली.

आता घरातलं सगळं ताईच्या हातात आलं. चिमीनं मागच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. गॅस बंद केला की ती ताईला बोलावून दाखवायची. "बघ गं, केलाय ना?" दात घासले का, हे एकदा तिनं ताईला विचारलं. थट्टेनं विचारलं नव्हतं. बाहेर जायचं तर "तू चल, मला परत यायचं सुचणार नाही" म्हणायची. जन्मभर जिच्यावर लक्ष ठेवलं ती आता नजरेबाहेर जायलाच तयार नव्हती. पिल्लांना पाणी घालताना तिला तो कोरडा चमचा दिसायचा. धुतलेला, पुसलेला. तिनं तो कितीदा तरी हातात घेतला होता आणि कधी नीट पाहिला नव्हता.

एका दुपारी चिमी ओट्यापाशी भाजी निवडत बसली होती. निवडून झाली तसं तिनं ताट ताईपुढे सरकवलं. "बघ, बरोबर निवडलीय का."

ताईनं ताट तसंच ठेवलं. "चिमे, औषध मी घालत होते."

"कुठलं?"

"पिल्लांचं. तू घालून गेलीस की मी. मला वाटायचं तू विसरलीस. चमचा कोरडा असायचा."

"मी पुसून ठेवायचे."

"हो."

"म्हणजे माझा एकच होता."

"एकच."

"सपाट?"

"सपाट असणार. माझा शिगोशीग होता."

ताईला वाटलं ती रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. चिमी बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू कोणीतरी नेलेली वस्तू परत आणून दिली होती आणि ती आपलीच आहे ना, हे ती तपासत होती. मग ती उठली. "मी तुला विचारलं होतं. डॉक्टरांसमोर."

"विचारलं होतंस."

"चल."

"कुठे?"

"आधी शेजारी. मग डॉक्टरांना फोन. जे मला सांगितलंस ते सांग. मी नुसती शेजारी उभी राहीन."

"चिमे, अगं त्या बाईच्या जिभेला हाड नाही, गावभर..."

"माझं नव्हतं का झालं गावभर?"

ताई निघाली. शेजारणीच्या अंगणात उन्हात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. आवाज दोनदा बसला तेव्हा चिमीनं पूर्ण करायला मदत केली नाही. शेजारीण म्हणाली, "अगोबाई! आणि आम्ही गरीब गाईला नावं ठेवली!" मग फोनवर पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं ना. मी उगाच तुमच्या बहिणीची चूक धरली." ताईनं फोन खाली ठेवला.

घरी आल्यावर चिमी सरळ मागच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. पिल्लांचा कलकलाट वाढला आणि हळूहळू निवला. ताई दाराबाहेर उभी होती. तिचा हात सवयीनं उचलला गेला. तो तिनं दारावर टेकवला, ढकललं मात्र नाही.

"चिमे, येऊ का आत?"

"पाणी बदलतेय," आतून आवाज आला. "थांब तिथेच."

ताई थांबली.