गोळी चुकवायची नाही

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं अख्खं मुळगाव म्हणतं. म्हणू दे. ह्या तोंडामुळेच मला साखरेच्या अभ्यासाचं काम मिळालं. पणजीहून एक डॉक्टरीण बाई आल्या होत्या. घरोघर फिरून मधुमेहवाल्यांची बोटं टोचणारी, फॉर्म भरणारी आणि ऐकत नसतील तर खडसावणारी बाई त्यांना हवी होती. मी शालिनी, वय अठ्ठेचाळीस. खडसावायला मला कोणी शिकवावं लागत नाही.

अभ्यास साधा होता. निम्म्या लोकांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांनी नेहमीसारखं. काय फरक पडतो ते बघायचं. बाई म्हणाल्या, "जगभर ह्यावर संशोधन चाललंय. वजन उतरतं, साखर सुधारते असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पण पुढं वर्षानुवर्षं काय होतं, ते छातीठोकपणे कोणी सांगत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, गोळी घेऊन माणूस दिवसभर उपाशी राहिला तर साखर धाडकन खाली येते. उपासाच्या दिवशी गोळीचं आधी मला विचारायचं."

मी मान डोलावली आणि गावात आले. गावात लोकांची तऱ्हा वेगळीच. आज गोळी घेतली, उद्या विसरली, परवा शेजारणीला दिली! मग मी एकच घोष लावला, "काय वाट्टेल ते होऊ दे, सकाळची गोळी चुकवायची नाही." दारोदार हेच. मला बघितलं की पोरंसुद्धा हेच ओरडायची.

माझा थोरला भाऊ कृष्णनाथ, म्हणजे दादा, दहा ते सहाच्या गटातला. चार महिन्यांत पाच किलो उतरला. त्याची साखर ताळ्यावर आली. बाई त्याचा आकडा सगळ्यांना दाखवायच्या आणि मी फुगायचे.

फॉर्मवर एक प्रश्न होता: अभ्यासाबाहेर कडक उपास करता का? दादा तर धोंड, वैशाखात शिरगावच्या जत्रेला निखाऱ्यांवरून चालून जाणारा देवीचा भक्त. आमच्या वाड्यावरच्या धोंडांचा नेम कडक. पाच दिवस घर सोडून माटवात, झावळ्यांच्या मांडवात राहायचं, स्वतः रांधून एकदाच जेवायचं, आणि शेवटच्या दिवशी अग्नी ओलांडेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. हे लिहिलं असतं तर बाईंनी दादाला अभ्यासातून काढला असता. मी लिहिलं, 'नाही'.

जत्रेच्या दिवशी दुपारी दोनला वहिनीचा फोन आला. "गे शालू, ह्यांच्या गोळ्यांचा पाकीट घरात नाय. माटवात घेऊन गेलेत वाटता."

आज पाण्याचा थेंब नाही, आणि वर गोळी! स्कूटरला किक मारली ती थेट आंब्यांच्या राईत, झरीपाशी. पाठीवर कामाची पिशवी होतीच.

माटवाला चारी बाजूंनी दोरी बांधलेली. आतल्याला बाहेरच्यानं शिवायचं नाही, बाईमाणसानं तर नाहीच. आत ढोल वाजत होता आणि मधोमध माझा दादा घुमत होता. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते, डोळे कुठंच ठरत नव्हते. तोंडातून काहीबाही शब्द येत होते. भोवती धोंड हात जोडून उभे होते.

"देवीचो भार इलो," कोणीतरी म्हणालं. "पयल्यांदाच इलो कृष्णनाथाक."

"कसला भार!" मी किंचाळले. "साखर उतरलीय त्याची! दादा, अरे दादा, मी शालू!"

त्यानं माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. भीती वाटली हो मला. आईबाप गेल्यावर ह्या माणसानं मला वाढवलं, आणि तो माझ्याकडं परक्यासारखा बघत होता.

मी दोरीला हात घातला. लोकरीच्या गोंड्यांचा बेत, धोंडांच्या हातातली वेताची काठी, आडवा आला. समोर यशवंत आबा, धोंडांचा मुखत्यार, सत्तरी गाठलेला. "बाय, मागे हो. पाच दिसांचा व्रत आसा. तू शिवलंस तर सगळा फुकट जायत."

"आणि मी नाही शिवले तर हा जाईल!"

"देवी सांभाळता त्याका."

"आबा, देवीनं नाही, मी घोळ घातलाय. गोळी चुकवायची नाही असं मीच त्याच्या डोक्यात भरवलं. उपास आहे हे फॉर्मवर मीच लपवलं. शाप द्यायचा तर मला द्या, पण वाट सोडा!"

ढोल थांबला. त्याच वेळी दादा मटकन जमिनीवर बसला. मी बेताखालून वाकून आत शिरले. आबानं मला अडवलं नाही.

बोट टोचलं. एक्केचाळीस. कधी कोणाचा एवढा कमी आकडा बघितला नव्हता. जवळच्या कळशीतलं पाणी पेल्यात घेतलं, पिशवीतली ग्लुकोजची पूड कालवली, त्याची मान धरली. "गीळ रे दादा. माझ्या राजा, गीळ." पहिला घोट गळ्यावर ओघळला. दुसरा आत गेला. मग तिसरा. मी थोडंथोडं पाजत राहिले आणि त्याच्या नाकाशी बोट धरून बसले.

पंधरा मिनिटं गेली असतील. घाम आटला. दादानं डोळे उघडून माझ्याकडं, मग पेल्याकडं बघितलं. "शालू? हांगा कशी तू? माझा व्रत…"

"मोडलं. मी मोडलं," मी म्हणाले आणि तिथंच बसून ढसाढसा रडले. त्याची वीस वर्षांची सेवा होती ती. त्यानं तोंड फिरवलं, पण माझा हात सोडला नाही.

मग एकदम माझ्या डोक्यात आलं. मी डोळे पुसले आणि उठले. "सकाळी आणखी कोणी गोळी घेतलीय?"

सगळे आबाकडं बघायला लागले. आबाच्या कपाळावर घाम होता. मघापासून होता, पण मी उन्हाचा समजले होते. त्यानं बेत खांबाला टेकवून ठेवला, माझ्यासमोर मांडी घातली आणि बोट पुढं केलं. बोट थंडगार होतं.

"आबा, तुम्ही? एवढा कडक नेम तुमचा!"

"पाण्याशिवाय गिळलंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तूच सांगितलंस मां, गोळी चुकवायची नाय."

मी सुई लावली. आबाच्या मागं आणखी पाच जण पंच्याला बोटं पुसत रांगेत उभे होते.