गोदाबाईचं पिंप

कोठीत त्या दुपारी होतं ते असं: ओकच्या लाकडाचं एक पिंप, दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलेलं. त्याच्या अंगाभोवती एक काळी घोंगडी. एक तिपाई, आणि तिच्यावर पातळ काचेचे दोन पेले, वीस सी.सी.ची खूण असलेली काचनळी, शंभर सी.सी.चं मोजपात्र, पाण्याचा तांब्या आणि चिनी मातीचा एक रिकामा वाडगा. माणसं तीन. त्यांतल्या एकाला वास येत नव्हता, एकीला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिसऱ्यानं जन्मात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. निवाडा त्या तिसऱ्यानं द्यायचा होता.

तो यज्ञेश्वर. पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत लागून त्याला दोन वर्षं झाली होती. वाडगा त्यानं मुद्दाम मागून घेतला होता, कारण सकाळी निघताना प्रभाला, म्हणजे बायकोला, त्यानं शब्द दिला होता.

"तोंडात घ्या, पण गिळू नका," प्रभा म्हणाली होती. "थुंकायचं आणि चूळ भरायची. सासूबाईंना मी सांगते, गिरणीत रंग चाखायला गेलेत म्हणून."

"रंग कुणी चाखतं का?"

"बी.एस्सी. झालेली माणसं काय वाटेल ते करतात, असं त्यांचं मत आहेच."

ज्याला वास येत नव्हता तो वर्मासाहेब. खरं नाव फेर्म्यूलेन, मुलूख बेल्जम. पण ते नाव गिरणीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही आणि पहिल्याच वर्षी त्याचं वर्मा झालं. सुताचं ब्लीचिंग आणि रंगाई त्याच्याकडे. दोन वर्षांपूर्वी हौदाजवळ क्लोरीन सुटला, तेव्हा आतली माणसं बाहेर काढता काढता साहेबाचं नाक गेलं. छातीही गेल्यासारखीच होती. आता तो नोकरी सोडून कायमचा मायदेशी निघाला होता. सामानाच्या पेट्या व्हरांड्यात बांधून तयार होत्या. राहिलं होतं फक्त हे पिंप.

आणि पिंप साहेबाचं नव्हतंच. ते त्याच्या बायकोचं, गोडेलीव्हबाईचं. तिचा बाप तिकडे एका खेड्यात एल बनवायचा. उन्हाळ्यात तहान भागवायची ती पाणचट बिअर नव्हे, तर वाइनच्या तोडीची, तांबूस काळी, लाकडात वर्षानुवर्षं मुरवायची एल. बाईनं इथं सोलापुरात सातूला मोड आणले, ते भाजले, माहेरून आलेली कडू फुलं घातली, बाजारातून खडीसाखर आणली, आणि मुंबईहून आलेल्या वाइनच्या जुन्या पिंपात सगळं भरून बूच ठोकलं. त्याच पावसाळ्यात विषमज्वरानं ती गेली. त्याला चौथं वर्ष सरत आलं होतं.

"ती बोलली," साहेब म्हणाला, "एक खूण हाय. ती खूण आली की उघडायचं. आली न्हाय तर वतून द्यायचं. वाईट माल ठेवायचा न्हाय."

साहेबाचं मराठी केराबाईकडून आलेलं होतं. केराबाई मंद्रूपची धनगरीण, बंगल्यावर स्वयंपाक आणि झाडलोट बघायची. त्यामुळे युरोपातला हा सहा फुटी माणूस हाय-न्हाय करत बोलायचा, आणि गिरणीच्या मॅनेजरलासुद्धा बिनदिक्कत अरेतुरे करायचा.

"खूण कोणती, साहेब?"

"ते सांगणार न्हाय. सांगितलं तर तुला तेच वास येणार. तू सायन्सचा माणूस की न्हाय?"

यज्ञेश्वरला हे एकदम पटलं. परीक्षकाला उत्तर आधी ठाऊक असलं तर ती परीक्षा कसली? त्यानं आठवडाभर आधी नमुना नेऊन पाहिला होता. अल्कोहोल शेकडा सव्वानऊ, आंबटपणा बेताचा, सिरका झालेला नाही. ते त्यानं पुन्हा सांगितलं.

"ते लई ब्येस," साहेब म्हणाला. "पण ते आकडं. गोदीनं केलंय ते झालं का न्हाय, ते आकडं सांगत न्हाय. मी प्यालो तर मला नुसतं गोड, कडू, आंबट. बाकी भिंत. तू नाक हायस माजं."

केराबाई उंबऱ्यावर बसली होती. तिच्या तोंडी गोडेलीव्हचं नाव पहिल्या दिवसापासून गोदाबाई होतं, आणि बाईंनी ते आनंदानं लावून घेतलं होतं; साहेब तर नुसतं गोदी म्हणायचा.

"लवकर चाखा वो दादा," ती म्हणाली. "सायबाला रातसारी झोप न्हाय. लेकीला बगाया पावनं येनार असल्यागत येरझारा चालल्यात."

"केराबाई, ही घोंगडी कशाला?" यज्ञेश्वरनं विचारलं.

"कशाला म्हंजी? गोदाबाईनं मरताना माजा हात धरला. म्हनली, केरा, पिपाला ऊन लागू देऊ नगं. आता सोलापुरात ऊन लागू नगं म्हंजी काय करायचं? आमी मेंढरामागं जातो तवा पान्याच्या घागरीला वल्लं घोंगडं गुंडाळतो, गार ऱ्हातंय. तसंच केलं. चार उन्हाळं रोज दुपारी भिजवून गुंडाळली. माज्या सासूनं दिल्याली घोंगडी हाय ती, घरच्या मेंढीची."

साहेबानं पिंपाला हात लावला. तोटी उघडली. यज्ञेश्वरनं खुणेपर्यंत काचनळी भरली आणि पेल्यात रिकामी केली.

रंग चिंचेच्या कोळासारखा, पण उजेडात धरला की आतून लाल. त्यानं पेला हलवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आधी खारीक आली. मग सुकं अंजीर. मग पाक करताना खडीसाखर करपायला लागते, त्या क्षणाचा वास. मागून थोडी लवंग, आणि जुन्या वाइनचं लाकूड. इतकं सगळं एका पेल्यात असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं घोट तोंडात घेतला, जिभेवर फिरवला. गोड लागता लागता आंबट झालं, शेवटी मेथीसारखं कडवट, आणि घशाशी ऊब. त्यानं वाडग्यात थुंकलं, उरलेलं त्यातच ओतलं.

आणि तेव्हा, श्वास बाहेर सोडताना, त्याला तो वास आला.

ओल्या घोंगडीचा.

शंकाच नव्हती. लहानपणी मैंदर्गीला गारपिटीत सापडला असताना धुळाप्पा धनगरानं त्याला आपल्या घोंगडीखाली घेऊन घरी पोचवलं होतं. लोकर, घाम, पाऊस, जनावर. तोच वास, खारीक-अंजिराच्या मागे उभा.

त्यानं डोळे उघडले तो समोर पिंप, आणि पिंपाभोवती केराबाईची घोंगडी. त्याला सगळं एका क्षणात कळल्यासारखं झालं. लाकूड श्वास घेतं. चार उन्हाळे रोज ओली लोकर फळ्यांना चिकटून राहिली, आणि तिचा वास आत शिरला. बाईच्या हातचा शेवटचा माल बिघडला होता, आणि तो बिघडवला होता तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या बाईनं.

केराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्याच्याकडे बघत होती.

"बोल," साहेब म्हणाला.

"खारीक," यज्ञेश्वर म्हणाला. "अंजीर. करपती खडीसाखर. लवंग. वाइनचं लाकूड. चव गोडावरून आंबटावर जाते आणि कडूवर थांबते. फार सुंदर आहे, साहेब."

"अजून?"

"एवढंच."

"परत बघ."

त्यानं दुसऱ्यांदा नळी भरली. पुन्हा वीस. पुन्हा खारीक, अंजीर, आणि मागे घोंगडी, आता तर अधिकच स्पष्ट. वाडग्यात थुंकलं, उरलेलं ओतलं, चूळ खिडकीबाहेर टाकली. आयुष्यात त्यानं प्रयोगाचा एकही आकडा फिरवला नव्हता. कॉलेजात सगळी मुलं पुस्तकातल्या उत्तराला जुळवून घ्यायची, तेव्हासुद्धा नाही.

"एवढंच, साहेब. दुसरं काही नाही."

साहेबानं पिंपाच्या बुचावरून अंगठा फिरवला, एखाद्या झोपलेल्या माणसाचं कपाळ चाचपावं तसा. मग पिंपाखालच्या ठोकळ्याच्या टोकावर बसला.

"मग झालं न्हाय," तो हळूच म्हणाला. "खारीक, अंजीर समद्यात येतंय. ते साखरेचं हाय. खूण आली न्हाय. केराबाई, बादली आण. वतून दे."

"वतून?" केराबाई ताडकन उठली. "गोड हाय म्हनत्यात की ते! कोन वतनार? मी न्हाय वतनार. माज्या हातानं व्हनार न्हाय ते."

"तिनं सांगितलंय, केरा."

"तिनं मलाबी सांगितलं हुतं! ऊन लागू देऊ नगं म्हनली. लागू दिलं का मी? माज्या नातवाच्या बारशाला न्हाय गेले, कोन भिजवंल म्हून! काय चुकलं माजं सांगा."

यज्ञेश्वरला तिच्याकडे बघवेना. जिला वाचवायला तो गप्प बसला होता, तीच समोर उभी राहून आपली चूक विचारत होती. आणि बादलीत जाणार होतं ते पिंप त्याच्याच एका वाक्यानं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "मी एक वास सांगितला नाही."

साहेबानं मान वर केली.

"सांगितला नाही, कारण तो चांगला वास नाही. खोटं बोललो. पण त्यात केराबाईंचा दोष नाही, हे आधी मान्य करा."

"मान्य. काय ते?"

"ओली घोंगडी."

केराबाई मटकन खाली बसली. "माज्या घोंगडीचा वास लागला? अगं बया! गोदाबाई, मी काय करून बसले गं..."

पण साहेब हसत होता. आधी नुसते खांदे हलले. मग हसण्याचा खोकला झाला, खोकल्यातून पुन्हा हसू, आणि डोळ्यांतून पाणी गालावरच्या पांढऱ्या खुंटांमध्ये उतरलं.

"परत सांग," तो म्हणाला.

"ओली घोंगडी. पावसात भिजलेली. जनावराच्या अंगाची."

"घोड्याची!" साहेबानं मांडीवर थाप मारली. "तिच्या बापाकडं दोन घोडी. पिंपं वढायची. पावसात आली की पाठीवरची घोंगडी तळघरात वाळत घालायची. म्हातारा पिंप हुंगायचा आन बोलायचा, घोड्याची वल्ली घोंगडी आली की उघडा, आधी हात लावू नका. गोदीबी तेच बोलली. शेवटच्या दिवशी. तीच खूण, पोरा. तीच."

यज्ञेश्वर गोंधळला. त्याच्या डोक्यातलं गणित अजून जुळत नव्हतं. "पण साहेब, हा वास एलचा की पिंपावरच्या या घोंगडीचा, हे कसं ठरवायचं? तुलनेला दुसरं पिंप हवं होतं. बिनघोंगडीचं."

"तिच्या बापाच्या तळघरात केराबाई नव्हती," साहेब म्हणाला. "तरी येत हुता."

केराबाईनं डोळे पुसले. आपली फजिती झाली की मान वाढला, हे तिला अजून नीट उमगलं नव्हतं. "घोडं काय आन मेंढरू काय," ती नाक ओढत म्हणाली, "भिजलं की येकाच वासाचं. पन मला येक कळंना सायेब. असल्या वासाचं तुमी आवडीनं पिता?"

"लई आवडीनं."

"मग नाक शाबूत हुतं तवा माजी घोंगडी व्हरांड्यात वाळत घातली तर वरडत का हुता?"

साहेबानं हात जोडले. मग दोन्ही पेले पुढे ओढले आणि तोटी उघडली. यज्ञेश्वरनं सवयीनं आपल्या पेल्यात काचनळीनंच मोजून वीस सोडले. साहेबानं आपला पेला अर्धा भरला. केराबाईला विचारलं तेव्हा तिनं तोटीखाली एक बोट धरलं, ते पिंपाला लावलं, मग कपाळाला.

"मला वास न्हाय," साहेब म्हणाला. "मी पितो. तू सांग. सावकाश सांग."

त्यानं पेला ओठाला लावला आणि डोळे मिटले. यज्ञेश्वरनंही मिटले.

"खारीक," यज्ञेश्वर म्हणाला. साहेबानं मान हलवली. "आता अंजीर. साखर... आत्ताच करपायला लागलीये, कुणीतरी घाईनं कढई उतरवतंय. लवंग, अगदी थोडी. आता लाकूड. जुनं, थंड जागेतलं." तो थांबला. हे शब्द प्रयोगशाळेत कधी लागत नाहीत. इथं दुसरे चालणार नव्हते. "आता पाऊस पडून गेलाय. दार उघडंय. दोरीवर घोंगडी टाकलीये, तिच्यातून अजून पाणी ठिबकतंय."

"व्हय," साहेब डोळे न उघडता म्हणाला. "आन कोन हाय तितं?"

यज्ञेश्वरनं पुन्हा एकदा श्वास सोडला. बाईंना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"एक मुलगी आहे," तो म्हणाला. "हात ओले आहेत तिचे."

केराबाईनं पिंपावरची घोंगडी उगाचच सारखी केली, कडेची दशी आत खोचली. मग साहेब उठला. बाटल्या मागवायला माणूस पाठवायचा होता, एक पेटी बोटीवर न्यायची होती, आणि एक बाटली आज संध्याकाळी दफनभूमीत. तो केराबाईला हाका मारत व्हरांड्यात गेला, आणि किती पेंढा लागेल यावरून दोघांचं वाजायला लागलं.

यज्ञेश्वर आवरायला मागे राहिला. पेले विसळले, पालथे घातले. काचनळी धुतली. त्यानं तीन वेळा वीस सी.सी. घेतले होते आणि चुळा खिडकीबाहेर टाकल्या होत्या. मग, प्रभाला दिलेला शब्द आठवून, वाडग्यातलं त्यानं मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि फेस बसू दिला.

चाळीस सी.सी.