बोटभर अंतरावरची सुई

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. मनगटावर घड्याळ असेल तर तेवढं मात्र लांब ठेवा, नाहीतर माझ्या नावानं बोटं मोडाल. मी एक जुना लोहचुंबक आहे. आमच्या माराकाइबो गावात तळतात त्या मान्दोका नावाच्या वड्यासारखा गोल, मधे भोक असलेला. पण काळा आणि खायला अगदीच निरुपयोगी.

माझं तरुणपण देवळाच्या कर्ण्यात गेलं. नोव्हेंबरात चिनिता माउलीची जत्रा भरली की नेक्तारिओ विल्यास्मिल गायचा आणि त्याचा आवाज माझ्यामुळे सरोवराच्या काठापर्यंत पोहोचायचा. केवढं भाग्य ते! पुढे दमट हवेनं कर्णा फाटला. तो भंगारात निघाला, तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या नेक्तारिओनंच मला काढून घरी नेलं.

त्याची बायको देल्फिना शिवणकाम करी आणि उरल्या वेळात लोकांना न कळणाऱ्या वस्तू घडवी. तिनं मला एका पांढऱ्या चौकटीच्या माथ्यावर बसवलं. तळाशी गिटारीची खुंटी ठोकली, खुंटीला दोरा आणि दोऱ्याला शिवणाची सुई. ती सुई माझ्याकडे झेपावली आणि बोटभर अंतरावर हवेत ताठ उभी राहिली.

शेजारी वाकवाकून बघत. "देल्फिना, वरचा दोरा कुठं लपवलास गं?"

"वर दोरा नाहीच, मेल्या! वर ओढ आहे. देव तरी कुठं दिसतो?"

"मग खाली दोरा कशाला?"

"खाली धरून ठेवणारंही कुणी लागतंच की."

दमट हवेनं दोरा रोज केसभर सैल होई. म्हणून रोज सकाळी नेक्तारिओ एक ओळ गुणगुणत खुंटी पिळायचा. पुढे आजारानं खंगलेली देल्फिना त्याला म्हणाली, "सुईला चिकटू देऊ नकोस, पडू देऊ नकोस. एवढं सांभाळ, बाकी काही नको मला."

ती गेल्यावर चौकट संग्रहालयात आली. नेक्तारिओ रोज तिथं येई. मग रोमेलिया नावाच्या नव्या प्रमुख बाई आल्या. मनानं चांगल्या, पण यंत्रांवर भारी जीव. माझ्या जागी त्यांनी विजेचा चुंबक बसवला. त्याचा एक डोळा अंतर मोजून ओढ कमीजास्त करी.

"आजोबा, आता रोजची पायपीट नको. यंत्र सांभाळेल."

"त्याला गाता येतं का?"

"गायची गरजच काय?"

मला फडक्यात गुंडाळून नेक्तारिओ घरी घेऊन गेला. दोन वर्षं मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो. खिळे मात्र फार माया करत.

देल्फिनाच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरलं. दुपारी चारला उद्घाटन झालं आणि वीज गेली. आमच्या गावात यात नवल ते काय? जनरेटरही दोनदा खोकून गप्प झाला. टिच्च! सुई खाली पडली. समोरच उभा असलेला नेक्तारिओ दोन गल्ल्यांपलीकडच्या घरी धावला आणि धापा टाकत मला घेऊन आला. स्टुलावर चढून रोमेलियाबाईंनी स्वतः विजेचा चुंबक काढला आणि मला माझ्या जागी बसवलं.

त्यानं सुई बोटानं उचलली, दुसरा हात खुंटीवर ठेवला. हात थरथरत होता. टक्! सुई मला येऊन चिकटली. त्यानं सोडवली, पुन्हा टक्! म्हातारा रडकुंडीला आला. "नाही जमत आता. देल्फिना, माफ कर गं."

रोमेलियाबाई खाली वाकल्या. "आजोबा, गा ना."

तो गायला, तीच जुनी जत्रेतली ओळ. हळूहळू हात स्थिरावला, खुंटी केसभर फिरली आणि सुई थांबली. बोटभर अंतरावर.

आता नेक्तारिओ नाही. सकाळी रोमेलियाबाई खुंटी पिळतात आणि गातात. सूर लागत नाही, पण भाव खरा आहे. विजेचा चुंबक कपाटात विसावला आहे, त्याचा डोळा मात्र इथंच आहे. दोरा सैल झाला की तो बाईंना खूण करतो. आमचं छान जमतं.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यात ओढ उरली आहे का, एवढं पाहत जा. आम्हां चुंबकांना आपटू नका, तापवू नका. त्यानं आमचं बळ जातं. आणि पुन्हा कधी या संग्रहालयात आलात, सुई आणि माझ्यामधली ती रिकामी जागा पाहिलीत, तर ती रोज सकाळी गात राखणाऱ्या नेक्तारिओची आठवण काढा.