चिकटपट्टी लावलेल्या घरातली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी रॉकेलची शेगडी आहे. मला जुनी म्हणा, काळी म्हणा, पण घातकी म्हणू नका. तो शब्द ऐकल्यापासून माझा नुसता संताप झाला आहे.

कारखान्यात माझ्या पोटात वात बसली आणि पोटाभोवती तारेची जाळी आली. मग मी उत्तर जपानातल्या कामिसावा या डोंगरगावात आले. बालवाडीच्या बाईंसाठी गावाने जे घर ठेवलं आहे, तिथेच माझं आयुष्य गेलं. बाई येत, जात. माझ्या डोक्यावर किटली खदखदे, रताळी भाजली जात. ‘ही नसती तर हिवाळा निघाला नसता,’ असं म्हणत प्रत्येक जण माझी पाठ पुसून जाई. आणि जाणारी बाई येणारीला हमखास सांगे, की शेगडी पेटली की खिडकी बोटभर उघडी ठेव. मी ऊब देते तशी हवाही खाते.

मागच्या बाई मात्र घाईने गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या मारिसेलला कोणी काहीच सांगितलं नाही.

मारिसेल फिलिपिन्सची. तिच्या देशात थंडी म्हणजे पंखा बंद करण्याइतकी. दीड वर्षांची लिगाया तिच्या कडेवर असे. नवऱ्याला दक्षिणेकडे काम मिळालं होतं, त्यामुळे वर्ष संपायच्या आत तिलाही गाव सोडून त्याच्याकडे जायचं होतं. कामिसावातला हा तिचा पहिला हिवाळा, आणि तोही अर्धाच.

लोणच्यासाठी वळचणीला मुळे वाळत टांगले गेले. बर्फाचा भार येण्याआधी गावातल्या पुरुषांनी रिवाजाप्रमाणे घरोघरच्या खिडक्यांना बाहेरून फटी राखून फळ्या ठोकल्या. लिगाया खोकू लागली, तशी मारिसेलने आतून बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद लावला आणि एकूण एक फट चिकटपट्टीने बुजवली. आईच ती. लेकीला वारा लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होती. मी तिच्यावर कशी रागावू?

मी रागावले ते इतरांवर.

माझी ज्योत धुरकट झाली. मारिसेलचं डोकं दुखू लागलं. लिगाया खेळता खेळता पेंगायची. शेजारची हिसानोकाकू लोणचं घेऊन आली. तिने चिकटपट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि किती गोड बोलली!

“घर छान उबदार ठेवलंयस हो. आमच्याकडे मेला वारा नुसता आतबाहेर करतो. पण डोकं हलकं राहतं बाई त्यानं.”

“अगंबाई, मग रात्री गारठत असाल तुम्ही,” मारिसेल कळवळून म्हणाली. “माझ्याकडे अजून चिकटपट्टी उरलीय काकू, देऊ का?”

काकू हसली. वाकून नमस्कार करून उठली. दारात तिचा नवरा तोकुजी उभा होता. नीट सांग ना तिला, असं तो पुटपुटला.

“परक्या घरात कसं बोलायचं?” काकू हळूच म्हणाली. “पाहुणी आहे. आता जाईलच ती.”

जाईलच ती! मित्रांनो, जाणाऱ्या माणसाला श्वास लागत नाही का? गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टमनने हवेचा विषय काढला, दूधवालीनेही काढला. तोंडावर कोणी बोललं नाही. मला वाचा असती तर मी कौलं उडतील इतकी ओरडले असते.

मग एका दुपारी बर्फ पडू लागला. मारिसेल सामान बांधत होती. मधेच भिंतीला टेकून बसली आणि तिची मान कलली. लिगाया माझ्याजवळ गादीवर निपचित होती. माझीच ज्योत होती ती! विझावं म्हणून मी धडपडले, पण वात काही माझ्या हातात नाही.

हिसानोकाकूने दार सरकवून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आणि मग त्या गावात कोणी कधी केलं नसेल ते तिने केलं. बर्फाने भरलेले बूट न काढता ती थेट गवताच्या चटयांवरून धावत आत आली. आधी मला विझवलं. पोरीला उचलून आणि मारिसेलला ओढत ओसरीवर नेलं, परत येऊन चिकटपट्टी टराटरा फाडली आणि तोकुजीच्या नावाने हाका मारत सुटली.

गार वारा लागला आणि लिगाया रडली. इतकं सुंदर रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

“वेडी आहेस तू,” काकू मारिसेलला गदागदा हलवत म्हणाली. “खिडकी उघडी ठेवायची असते. आणि मी मेली लोणच्याच्या गप्पा मारत बसले.”

मायलेकी इस्पितळातून सुखरूप परतल्या. पण गावचे मुखिया ओनोदेरा आले, माझ्याकडे बोट दाखवून ‘जुनी शेगडी घातकीच’ म्हणाले आणि माझ्या पाठीवर भंगाराची चिठ्ठी डकवली. मारिसेल म्हणाली, “तिचा काय दोष? तिची ज्योत धुरकटत होती, आम्हाला कळलं नाही.” मुखियांनी अदबीने मान डोलावली. चिठ्ठी काढली नाही.

मारिसेल गेली. मी छपराखाली भंगाराच्या गाडीची वाट पाहते आहे. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरूही नये. मित्रांनो, आमची निगा राखा, वात कापा, खिडकी उघडी ठेवा. आणि कुणाच्या घरात हवा कोंडलेली दिसली, तर तो माणूस उद्या जाणार आहे की परवा, हे विचारत बसू नका. आत शिरा. बूट नंतर काढता येतात.