बादलीतले पाच मासे

"ही बादली कुणाची?" क्लबच्या माणसानं विचारलं, आणि मी माझ्या गळाच्या रिळाकडे बघायला लागलो. रिळाला काहीएक झालेलं नव्हतं.

बादलीत पाच मासे होते. तीन आ सेंग अंकलचे, दोन माझे. अडीच वर्षं आमचं असंच चाललं होतं. ईस्ट कोस्टला आमच्या क्लबचा छोटा धक्का आहे. शनिवारी सकाळी तिथं शेजारी शेजारी बसायचं, गळ टाकायचे आणि मला लागलेला मासा अंकलच्या बादलीत टाकायचा. कारण आम्ही पिढीजात शाकाहारी, घरात मासा येत नाही. मला गळ टाकून पाण्याकडे बघत गप्प बसायला आवडतं, पुढचं काही नको असतं. माझी बायको वीणा म्हणते, "मारायचं पण, आणि खायचं पण नाही? तुझ्यापेक्षा खाणारे बरे, उद्धव."

अंकलनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं, "यू डोन्ट ईट, देन व्हाय यू कॅच?" पण मासा घेतला. तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला माणूस. बायको गेलेली, हौगांग भागातल्या फ्लॅटमध्ये एकटेच. शनिवारचा धक्का सोडला तर त्यांचं कुठं जाणं-येणं नव्हतं.

जानेवारीत क्लबचे नियम बदलले. फोटोचं नवं कार्ड आलं, आणि एका माणसाजवळ एका वेळी तीनच मासे. अंकल इंग्रजी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की त्यांचा चष्मा सापडत नाही. म्हणून ईमेल मीच वाचून दाखवली, आणि नेहमीच्या आगाऊपणानं निम्मीच. म्हटलं, "युअर थ्री, माय थ्री. टुगेदर सिक्स. नो प्रॉब्लेम, अंकल." खाली स्वच्छ लिहिलं होतं की मासा कुणीही पकडो, ज्याच्या बादलीत तो त्याचा. ऑफिसात कुणी डॉक्युमेंट शेवटपर्यंत वाचलं नाही तर मी त्याला फाडून खातो. शहाणा मोठा.

"माइन," बादलीकडे बोट करत अंकल म्हणाले.

"पाच आहेत," क्लबचा माणूस म्हणाला. तसा भला होता बिचारा. "यातले कुणी ठेवायला दिले असतील तर त्यानं आत्ता सांगावं. नवीन नियम आहे, दोघांना नुसती ताकीद देईन. नाहीतर कार्ड वर्षभर बंद."

ताकीद म्हणजे पत्र. माझं कार्ड कंपनीमार्फत, तेव्हा पत्र जाणार एचआरकडे. आणि माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथं राहून नोकरी करायच्या परवान्याचं, रिन्युअल त्याच महिन्यात. असल्या पत्रानं कुणाचा पास जात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही. अंकलनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी रीळ फिरवत राहिलो.

"ऑल माइन," ते म्हणाले आणि त्यांनी कार्ड काढून दिलं.

घरी येऊन वीणाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"आणि तू काय केलंस?"

"अगं, रिन्युअल चालू आहे ना."

"ते कळलं. तू काय केलंस?"

मी एक काडी उचलून मेथी निवडायला लागलो. ती म्हणाली, "निदान त्यांना फोन तरी कर." उद्या करतो, उद्या करतो म्हणेपर्यंत पास रिन्यू होऊन आला. वीणानं शिरा केला. मी बशी बाजूला सारली. इतकी स्वतःची लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दीड महिन्यानं धक्क्यावर गेलो. फाटकाच्या बाहेर, पार्कातल्या बाकावर अंकल बसले होते. गळ नाही, बादली नाही. शेजारी पिशवी. फाटकावरचा पोरगेला गार्ड म्हणाला, ते दर शनिवारी येतात, अकरापर्यंत बसतात आणि जातात.

"मॉर्निंग," अंकल म्हणाले. "युअर पास ओके?"

रिन्युअलचं मीच कधीतरी बोललो होतो. त्यांच्या लक्षात होतं.

"ओके," मी म्हणालो. मग धीर करून म्हणालो, "अंकल, ते दोन मासे माझे होते. मी बोलायला पाहिजे होतं. आता क्लबच्या ऑफिसात जाऊन सांगतो. लेखी देतो."

"नाऊ नो यूज ला. ही सेड सेम टाइम मस्ट से."

"तरी देतो."

"अप टू यू."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"दॅट डे आय ऑल्सो वेट," ते म्हणाले. "आय थॉट यू विल से."

मग त्यांनी मला बसता यावं म्हणून बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला बसवेना.